निळ्या ड्रमावर टिकलेली अक्षरं

"हा ड्रम माझा हाय. बुडाला पोचा बघ. माझा ल्योक सायकल घेऊन आदळला होता त्याच्यावर."

"पोचा आमच्याही ड्रमाला आहे, आवडाबाई. तुमचा लेक काय एकाच ड्रमावर आदळतो का?"

हे भांडण मी ओट्यावर मेथी निवडता निवडता ऐकलं. चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये, ते देवळाई चौकापर्यंत ऐकू जात होतं. टँकर आलेला, गल्लीच्या कडेनं निळ्या ड्रमांची रांग लागलेली, आणि एकाच ड्रमाच्या दोन्ही बाजूंना आवडाबाई नि कालिंदीवहिनी. आवडाबाईनं ड्रमाचा काठ धरलेला. कालिंदीवहिनी मोठ्या घरच्या, नवरा बँकेत होता, त्यामुळं त्यांनी काठ धरला नव्हता, नुसता एक हात वर ठेवला होता. पण तो उचलतही नव्हत्या.

आमच्याकडं सगळ्यांचे ड्रम एकाच दुकानातले. एकच निळा रंग, एकच उंची. म्हणून प्रत्येकीनं आपापल्या ड्रमावर मोतीराम पेंटरकडून नाव घालून घेतलेलं. पण ते नाव चार पाणी भरेपर्यंत टिकत नव्हतं. या दोघींच्या ड्रमांवर त्या दिवशी एकेक काना तेवढा उरला होता, आणि काना तर दोघींच्याही नावात.

टँकरवाला कडुबा वरून ओरडला, "ओ ताई, फैसला करो जल्दी! मला अजून पुढल्या गल्ल्या हायेत. आणि ऐकून ठिवा सगळ्या जणी, पाडव्यापासून ज्या ड्रमाला नाव नाय त्याला पाणी नाय. मी काय कोर्टात बसाया आलो नाय."

एवढं झाल्यावर दोघींचं एकदम एकमत झालं. दोघी वळल्या त्या मोतीरामकडं. तो बिचारा आपल्या दारात उभा होता, खांद्यावर तोंड पुसायची दस्ती टाकून.

"पेंटर," आवडाबाई म्हणाली, "तुझी अक्षरं हायेत का लग्नातल्या अक्षता रे? हात लागला की गळाल्या!"

मोतीराम पुढं आला. वाकून त्यानं उरलेल्या कान्याला नख लावलं. दुधावरची साय निघावी तसा अख्खा काना त्याच्या बोटावर आला. तो बोटाकडं बघत राहिला. मला त्याचं तोंड बघवलं नाही, मी मेथीत मान घातली.

हा मोतीराम मूळचा खुलताबादचा. बाप पेरूची गाडी लावायचा. याला लहानपणापासून खडू नि कोळसा हातात धरायची खोड, म्हणून बापानं गाडीच्या फळीवर 'गोड पेरू' लिहायला सांगितलं, तर यानं 'गो'ला अशी काही वेलांटीदार मात्रा काढली की दर्ग्याला आलेले लोक पेरू घ्यायच्या आधी फळी बघायचे. त्यातल्या एका पेंटरनं, हमीद उस्तादांनी, त्याला आपल्यासंगं शहरात आणलं. उस्तादांनी त्याला मराठीबरोबर उर्दू लिहायला शिकवलं. वाचता येत नव्हती, पण उजवीकडून डावीकडं असा झरझर लिहायचा की मौलवींनीही चूक काढू नये. क्रांती चौकातल्या किती दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या! आधी तो एका दमात शिरोरेषा ओढायचा, मधे श्वास घ्यायचा नाही, आणि मग दोरीवर धुणं वाळत घालावं तसं एकेक अक्षर खाली लटकवायचा.

पुढं फ्लेक्स आला. एका रात्रीत यंत्र छापतं, वर दुकानदाराचा हसरा फोटोही टाकतं. पाट्या गेल्या, भिंती गेल्या. राहिले ते आमचे निळे ड्रम. आणि आता ड्रमही त्याला थारा देईनात.

त्याची बायको कडूबाई. नाव कडू, जीभ नावाला शोभेल अशी, पण मनाची चांगली. तिनं आपल्या भावाला सांगून मोतीरामसाठी वाळूजच्या एका कंपनीत वॉचमनची जागा बघितली होती. वर्दीसुद्धा आणून इस्त्री करून खुंटीला टांगली होती. भांडण झालं त्या दिवशी ती बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आवं, अक्षरं टिकत नायत तर निदान नोकरी तरी टिकू द्या! कवर ऐकून घ्यायचं लोकांचं?"

मोतीराम म्हणाला, "पाडव्यापर्यंत थांब. तवर एक नाव जरी टिकवून दाखवलं नाय, तर ब्रश ठिवतो आन् शिटी गळ्यात घालतो. मग तर झालं?"

"झालं," कडूबाई म्हणाली. "मावशी, तुम्ही ऐकलं ना?"

मावशी म्हणजे मी. साक्षीला मी नेहमीच बरी सापडते.

त्यानंतर मोतीरामनं काय काय करून बघितलं! रंगाचे दोन हात दिले. भारीतला डबा आणला. पॉलिशपेपरनं ड्रम घासून खरखरीत केला, तेव्हा नाव जरा जास्त दिवस राहिलं, पण कडा उचकटल्या त्या उचकटल्याच. एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसला नि म्हणाला, "मावशी, पत्र्यावर माझी अक्षरं गंजापरीस जास्त टिकली. भिंत पडली पण नाव पडलं नाय. ह्या ड्रमालाच काय धाड भरली?"

मला तरी काय ठाऊक. मी दुसरीपर्यंत शिकलेली, तेही सिल्लोडच्या शाळेत मास्तर यायचे त्या दिवशी. मी त्याला चहा दिला.

उत्तर निघालं ते कालिंदीवहिनींच्याच घरातून. त्यांची मुलगी मनस्विनी, रसायनशास्त्र शिकलेली, वाळूजला गाडीचे बंपर रंगवतात त्या कारखान्यात कामाला. रविवारी ती स्कूटी पुसत होती नि मोतीराम समोर ड्रमाशी झगडत होता. तिनं फडकं टाकलं आणि तांब्याभर पाणी घेऊन आली.

"काका, हे बघा," म्हणून तिनं ड्रमावर पाणी ओतलं. पाण्याचे थेंब गोळ्या होऊन घरंगळून गेले. अळूच्या पानावरून जातात तसे. "पाणीसुद्धा याच्यावर पसरत नाही. मग रंग कसा बसेल?"

"कामून पण?"

"हे प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. नुसता कार्बन आणि हायड्रोजन. रंगाला ओढून धरील असं त्यात काहीच नाही. पत्रा, लाकूड, भिंत, यांच्या अंगावर ऑक्सिजनवाले गट असतात. क्रियात्मक गट म्हणतात त्यांना. हायड्रॉक्सिल, कार्बोनिल, कार्बोक्सिल..."

ही नावं मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतली, तेव्हा कुठं आत्ता लिहिता आली. तेव्हा मी म्हणाले, "म्हंजे कुसळं म्हण की. रानात गेलं की लुगड्याला डसतात तशी."

"जवळपास, आजी. पण कुसळ टोचतं, हे गट ओढतात. गटाच्या एका टोकाला विजेचा भार जरासा जास्त असतो, दुसऱ्याला जरासा कमी. रंगातही असेच गट असतात. याचं जास्तीचं टोक त्याच्या कमीच्या टोकाला ओढतं. एकेकाची ओढ अगदी बारीक, पण असे कोटी कोटी जमले की नखानं निघत नाही."

मोतीराम ड्रमाकडं असा बघायला लागला, की जणू त्यानं इतके दिवस काहीतरी लपवून ठेवलं होतं. "मग ह्याच्या अंगावर ते गट आणायचे कुठून? बाजारात मिळतात का?"

मनस्विनी हसली. "हवेत आहेत, काका. म्हणजे ऑक्सिजन हवेत आहे. बंपरचंही असंच आहे. रंग द्यायच्या आधी आमचं यंत्र त्याच्यावरून निळी ज्योत फिरवतं. ज्योतीच्या धगीनं हवेतला ऑक्सिजन प्लास्टिकच्या वरच्या कातडीला लागतो आणि तिथं हे गट तयार होतात. आतलं प्लास्टिक आहे तसंच राहतं."

"ज्योत? प्लास्टिकवर?" कडूबाई दारातून ओरडली. "पोरी, आधीच माझ्या माणसाचं डोकं फिरलंय, त्यात आग कशाला देतीस?"

पण मोतीराम तोवर चप्पल घालून कोपऱ्यावर निघाला होता. तिथं फ्रीज दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, त्याच्याकडं नळ्या जोडायची गॅसची बत्ती असते. ती मागून आणली. मनस्विनी कामाला गेलेली असताना, दुसऱ्या दिवशी, यानं आवडाबाईच्याच ड्रमावर प्रयोग केला. आता आमच्याकडं आगीवर धरायची सवय कशाची? भरताच्या वांग्याची. यानं बत्ती तशीच एका जागी धरली, चांगलं सगळीकडून भाजून निघावं म्हणून. ड्रम आधी चमकला, मग मऊ पडला, मग त्यातून आरपार पलीकडची आवडाबाई दिसायला लागली.

ती काय काय बोलली ते मी लिहीत नाही. नातवंडं वाचतील.

मोतीरामनं स्वतःच्या घरचा ड्रम उचलून तिच्या दारात नेऊन ठेवला. म्हणजे आता कडूबाईकडं पाणी साठवायला काही नाही. ती माझ्याकडून हंड्यानं पाणी नेऊ लागली आणि दर हंड्याला वर्दीची आठवण काढू लागली. पाडवा महिन्यावर आला होता.

मनस्विनीनं भोक पडलेला ड्रम बघितला आणि कपाळाला हात लावला. "काका, भाजायचं नाही हो! नुसती शिवून काढायची. जास्त जळालं की वरची कातडीच भुसभुशीत होते, मग रंग त्या कातडीसकट निघतो. आणि ज्योत निळीच पाहिजे. पिवळी झाली की काजळी बसते. हात एका लयीत, न थांबता."

"शिरोरेषा ओढतो तसा?" मोतीरामनं विचारलं.

"हो! अगदी तसाच."

मग काय विचारता. त्या भोकाच्या ड्रमावर तो दिवसचे दिवस हवेत शिरोरेषा ओढत बसला, हातात ब्रशाऐवजी बत्ती. आणि एक दिवस त्यानं मला हाक मारली, "मावशी, या, या लवकर!" त्यानं पाणी ओतलं. पाणी गोळ्या होऊन पळालं नाही. पसरलं. सारवलेल्या जमिनीवर सांडल्यासारखं, सपाट, ओलं. त्या माणसाचे डोळे असे चमकले की जणू त्याला मुलगाच झाला.

आवडाबाईनं जीव मुठीत धरून आपला नवा, म्हणजे मोतीरामचा जुना, ड्रम पुढं केला. त्यानं बत्ती फिरवली, नाव लिहिलं, रात्रभर वाळू दिलं. आठवडा गेला आणि नाव पुन्हा सुटलं.

मोतीराम ओट्यावर येऊन बसला. खुंटीवरची वर्दी त्यानं त्या दिवशी हातात घेऊन बघितली म्हणे. कडूबाईनं मला सांगितलं, पण सांगताना तिचा आवाज मोठा नव्हता. "मावशी, गुंड्या मोजल्यागत हात फिरवत बसले हो. मला कसंतरीच झालं."

रविवारी मनस्विनी आली. तिनं ड्रम फिरवून फिरवून बघितला. "आजी, इकडं बघा. 'आवडाबा' निघालंय. 'ई' का नाही निघाली?"

खरंच की. शेवटची 'ई' एकटीच छाती काढून उभी. मनस्विनीनं चिकटपट्टी दाबून लावली नि खसकन ओढली, तरी 'ई' हलली नाही.

"काका, ज्योत सगळीकडं सारखी फिरवली होती?"

"एका दमात."

"मग ज्योत फिरवल्यावर नि लिहायच्या आधी काय केलंत? आठवा."

"काय करणार? काहीच नाय. पुसलं नि लिहिलं."

"पुसलं?"

"पुसल्याबिगर कुठला पेंटर लिहितो? उस्तादांची शिस्त हाय ती. जागा पुसायची मगच ब्रश लावायचा. नाव लांब झालं, 'ई' पुसलेल्या जागेच्या बाहेर गेली, पण तेवढ्यासाठी परत कोण पुसत बसंल..."

तो बोलता बोलता थांबला. पण त्याच्या आधी कडूबाई उठली होती. तिनं त्याच्या खांद्यावरची दस्ती खसकन ओढली आणि आम्हा सगळ्यांसमोर धरली.

"हिच्यानं पुसलं का? ही दस्ती मी धुते, मला ठाव हाय! सकाळी खोबरेल चोपडून डोकं हिलाच पुसता, दुपारी घाम हिलाच. हिच्यातलं तेल पिळलं तर देवापुढचा दिवा जळंल महिनाभर! पोरगी तिकडं कसलेकसले गट उगवायला सांगती, आन् तुम्ही त्यांच्यावर तेल फिरवता? मला कळलं, तुम्हाला कळू नये?"

मनस्विनीनं टाळीच वाजवली. "काकू, बरोब्बर! तेलाचा थर मधे बसला. रंगानं प्लास्टिक धरलंच नाही, तेल धरलं. ज्योत फिरवली की हात लावायचा नाही, पुसायचं नाही, लगेच लिहायचं."

"ऐका," कडूबाई नवऱ्याला म्हणाली. "आजपासून ब्रश हातात असेस्तवर ही दस्ती माझ्याकडं." आणि तिनं ती कमरेला खोचली. मी तिच्याकडं बघितलं. नवऱ्याला वॉचमन करायला निघालेली बाई, तिनंच त्याचा ब्रश वाचवला, आणि हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. मी बोलून दाखवलं नाही. उगाच वर्दी परत आठवली असती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी टँकर आला. तोवर मोतीरामनं आवडाबाईचं नाव पुन्हा लिहिलं होतं, साबणानं धुऊन, वाळवून, ज्योत फिरवून, लगेच, कोरड्या हातानं. मग वाळायला चांगले तीन-चार दिवस दिले होते. सगळी गल्ली जमली. कडुबा टँकरवरून उतरून खाली आला, त्यालाही बघायचं होतं. गुढीसाठी आणलेल्या काठ्या भिंतींना टेकलेल्या, आणि मधे तो ड्रम, नवरदेवासारखा.

आवडाबाईनं पदर खोचला. काथ्याचा घासणा घेतला, वर राख घेतली. खरकटी कढई घासताना ती जसं तोंड करते तसं तोंड केलं.

"घास," मोतीराम म्हणाला. 

तिनं घासलं. आडवं घासलं, उभं घासलं, गोल घासलं. राखेचं पाणी काळं होऊन तिच्या पायावर आलं. बांगड्या वाजत होत्या. कडूबाईनं कमरेची दस्ती घट्ट धरली होती. मग कालिंदीवहिनींनी स्वतः तांब्यानं पाणी ओतलं.

राख गेली. आवडाबाई तिथंच होती. 'आ'पासून 'ई'पर्यंत, शिरोरेषा सरळ, पांढरी शुभ्र.

"अजून घास की, आवडाबाई," कडुबा म्हणाला.

"मरू दे तिकडं, माझा हात मोडला!" घासणा फेकून ती खाली बसली आणि हसायला लागली. "पेंटर, आता मी मेले तरी हे नाव जायाचं नाय. माझ्या सुनंला ड्रम घ्यावा लागंल नवा!"

कालिंदीवहिनी म्हणाल्या, "मोतीराम, आमचं कधी लिहिता?"

"रांगेत या, वहिनी," मोतीराम म्हणाला. इतक्या महिन्यांत त्यानं केलेली पहिली थट्टा. "रांग सरेस्तवर बिननावाच्या ड्रमालाबी पाणी देतो," म्हणत कडुबानं हॉर्न वाजवला, तो वाजवतच राहिला, आणि पोरं नाचली.

पाडव्याला वर्दी परत गेली. भाऊ नाराज झाला, कडूबाईनं त्याला श्रीखंड जास्त वाढलं.

त्यानंतर मोतीरामला फुरसत मिळाली नाही. आमची गल्ली झाली, शेजारची झाली, मग आमच्या शहरातल्याच सातारा परिसरातून लोक ड्रम रिक्षात घालून आणू लागले. फ्लेक्सवाल्यानं ड्रमासाठी स्टिकर काढून बघितले, ते दोन पाण्यांत सुटले. मनस्विनीनं एकदा परवानगी काढून त्याला कारखाना दाखवला. ते यंत्र बंपरवरून ज्योत फिरवत होतं, एका लयीत, न थांबता. मोतीराम बराच वेळ बघत राहिला म्हणे, आणि मग म्हणाला, "ह्याचा हात चांगला हाय. उस्ताद कोण ह्याचा?" तिथल्या लोकांनी त्याला जेवायला थांबवून घेतलं आणि त्याच्याकडून आपापली नावं डब्यांवर घालून घेतली.

तो गेला मागच्या श्रावणात. झोपेतच गेला, कुणाला त्रास न देता. बत्ती, ब्रश आणि रंगाचे डबे अजून कडूबाईकडं आहेत, आणि मोतीरामच्या हातची नावं गल्लीत सगळीकडं.

गेला त्याच्या आदल्या दिवशीच तो कामावर गेला होता. गल्लीच्या टोकाच्या खोलीत नवीन बिऱ्हाड आलेलं, जोडपं, दोघंही नोकरीवाली. बाईचं नाव मोनाली. ती म्हणाली, "काका, ड्रमावर यांचं नाव टाका."

"टँकर आल्यावर पाणी कोण भरणार?" मोतीरामनं विचारलं.

"मीच."

"मग नाव तुझं."

ती लाजली नि हो म्हणाली. त्यानं ड्रम साबणानं धुतला, उन्हात वाळवला. बत्ती पेटवली, ज्योत निळी होईपर्यंत किल्ली फिरवली, आणि डावीकडून उजवीकडं एका दमात नेली. कडेला थेंबभर पाणी टाकून बघितलं. पसरलं. मग ती जागा सोडून, कोरड्या भागावर त्यानं शिरोरेषा ओढली, आणि तिच्याखाली एकेक अक्षर लटकवलं. मोनाली बोट लावायला गेली, तर म्हणाला, "उद्यापर्यंत नाय." तिनं केलेला चहा उभ्यानंच प्याला, साखर कमी आहे म्हणाला, डबा नि बत्ती पिशवीत घातली आणि उन्हातून घराकडं चालायला लागला.